उभा काप

माझ्या उजव्या भुवईत एक बारीक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. नव्याने ओळख झालेल्या बायका विचारतात, लहानपणी झोक्यावरून पडलात का? मी सांगते, नाही हो बाई, ही नोकरीत मिळाली. टिपणीस सरांनी चिमटा फेकून मारला होता.

लोकांना खोटं वाटतं. कल्याण-डोंबिवलीतले निम्मे डॉक्टर आपल्या घरची माणसं ज्याच्याकडे पाठवायचे, तो सर्जन असा? असाच होता. मी दहा वर्षं त्यांच्या थिएटरची सिस्टर होते, मला विचारा.

धान्यबाजाराच्या गल्लीत, तेलाच्या दुकानावर त्यांचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर उभं करून न्यावं लागे. सर दिसायला किरकोळ. पाच फूट दोन-तीन इंच, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, पायात कोल्हापुरी, खिशात शेंगदाणे. रस्त्यात दिसले असते तर तुम्ही त्यांना पोस्टातले कारकून समजला असता. पण गाऊन चढवला की त्या माणसाच्या अंगात काय संचारायचं देव जाणे. हातातलं हत्यार पसंत पडलं नाही की ते भिंतीवर. मदतनिसाने मान हलवायला उशीर केला की त्याच्या बोटांवर कात्रीच्या मुठीचा तडाखा. एकदा फॉर्मलिनची अख्खी बरणी त्यांनी दारावर फोडली. सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि बाराच्या बारा पेशंट, त्यातला एक टाके ओले असलेला, खाली तेलाच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदार शेठ म्हणाले, "डॉक्टरसाब का मूड खराब है क्या?" जसं काही हवामान विचारताहेत.

माझ्या चिमट्याची गोष्ट अशी. मी नवी होते, चोवीस वर्षांची. एका रंगाऱ्याच्या मनगटाजवळच्या गाठीचा तुकडा सरांनी कापून माझ्यापुढे धरला. असा तुकडा मुंबईच्या लॅबला जायचा, तिथे तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि आठ-दहा दिवसांनी कळायचं की गाठ साधी आहे की वाईट. त्यासाठी तो ताबडतोब फॉर्मलिनमध्ये पडावा लागतो, नाहीतर नासतो. मी टाकला सलाइनच्या वाटीत. चूकच ती, मी नाही म्हणत नाही. पण चिमटा आला तो सरळ कपाळावर. डोळ्यात रक्त उतरलं. सर मान वर न करता म्हणाले, "तुकडा उचल. बाटलीत टाक. मग पट्टी कर." म्हणजे तुकडा आधी, मी नंतर.

मी डोंबिवलीला घरी गेले आणि राजीनामा लिहिला. आई म्हणाली, पोलिसात जा. मीही जाणार होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात काशीमावशी, आमच्या हॉस्पिटलची आया. जुनी, सरांपेक्षाही वयाने मोठी, त्यांना अरेतुरे करणारी एकटीच.

"त्यांनी पाठवलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"तो कशाला पाठवतोय? त्याची जीभ झडेल. मीच आलेय. अगं, तो तुझ्यावर नाही चिडला."

"मग चिमटा काय भिंतीला लागला?"

"येत्या शनिवारी ये. होळीच्या आधीचा शनिवार आहे. एक दाखवते तुला. नंतर खुशाल तोंडावर मार राजीनामा."

त्या शनिवारी काय पाहिलं ते सांगते, पण त्याआधी सरांची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सरांच्या खिशात शेंगदाण्यांबरोबर एक जांभळ्या शाईचं पेन असायचं. समोर कोणाचाही हात आला की ते तो धरायचे आणि कोपरापासून मनगटाकडे एक सरळ उभी रेघ ओढायचे. चहा आणणाऱ्या पोराच्या हातावर, औषधविक्रेत्याच्या हातावर, स्वतःच्या साडूच्या हातावर. "काप असा. उभा. आडवा नाही. काय?" समोरच्याने "उभा" म्हटल्याशिवाय हात सुटायचा नाही. माझ्या दोन्ही हातांवर दहा वर्षांत किती रेघा ओढल्या असतील! घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, आज पुन्हा शाळा भरली वाटतं.

कारण साधं आहे, मलासुद्धा कळलं म्हणजे कोणालाही कळेल. हाताच्या गाठीतून तुकडा काढायला जो काप घेतो, तीच पुढची वाट. गाठ वाईट निघाली तर मोठ्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर ती वाटही कापून काढावी लागते, कारण वाटेत गाठीची घाण सांडलेली असते. काप उभा असेल तर हाताच्या लांबीने एक अरुंद पट्टी काढली की झालं, हात वाचतो. आडवा असेल तर घाण हाताच्या पूर्ण रुंदीत पसरते. तिथे शिरा, नसा, बोटं हलवणाऱ्या दोऱ्या. सगळंच काढायचं तर मग हातात उरतं काय? "आत शिरतानाच बाहेर यायची वाट ठरवा," हे सरांचं ब्रह्मवाक्य.

आणि दुसरी खोड. त्यांना बांगड्यांचा आवाज सोसत नसे. थिएटरमध्ये बांगड्या चालत नाहीतच, पण हे बाहेर बाकावर बसलेल्या बायकांवरही खेकसायचे. सख्ख्या पुतणीच्या लग्नात चुडा भरायला कासारीण आली तेव्हा हा माणूस जेवणाच्या पानावरून उठून निघून गेला. बायकोने अबोला धरला महिनाभर.

तर तो शनिवार. मी भुवईला पट्टी लावून गेले. काशीमावशीने मला केसपेपरच्या टेबलाशी बसवलं. दहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. उंच, सावळे, धोतर, डोक्याला मफलर. रांगेत उभे राहिले, नंबर घेतला.

"नाव?"

"पांडुरंग शेलार. खडवली."

"काय होतंय?"

"जुनंच," ते म्हणाले.

मी मावशीकडे पाहिलं. तिने डोळ्याने खुणावलं, लिही. मी लिहिलं, जुनंच.

त्यांचा नंबर आला. मावशीने मला दाराच्या फटीशी ढकललं. आत सर उभे राहिले होते, जे ते कोणासाठी राहत नसत. त्यांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. हात मागे बांधले. म्हातारबाबांनी उजवा हात उचलला आणि त्यांच्या थोबाडीत लगावली. काय तो आवाज! फाटकन. रेल्वेच्या फाटकावर आयुष्यभर लोखंडी चाक फिरवलेला हात होता तो. सर एका पावलाने हलले, पुन्हा जागेवर आले. एकच थप्पड. मग म्हातारे म्हणाले, "येतो." सर म्हणाले, "सांभाळून जा, काका."

ते गेल्यावर सरांनी चष्मा लावला आणि घंटी वाजवली, पुढचा पेशंट.

काशीमावशीने मला मोरीत नेऊन सांगितलं.

शेलारांची मुलगी वत्सला. सतरा वर्षांची, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोराएवढी गाठ. तेव्हा सर नवे होते, हाताला यश होतं, घमेंडही होती. गाठ पाहून म्हणाले, साधी आहे, काढून टाकू. वत्सलाची आई रडायला लागली. पोरीला बघायला पाहुणे येणारेत, हातावर वण दिसला तर? डॉक्टर, असा काप घ्या ना की बांगड्यांखाली लपेल. सरांना दया आली. मनगटाच्या घडीत, जिथे बांगड्या बसतात तिथे, आडवा, नाजूक काप घेतला. टाके असे सुरेख की आईने हात जोडले. दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ वाईट. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तो आडवा काप बघितला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, उभा असता तर वाचवला असता. हात कोपराखाली चार बोटं सोडून कापला.

"बापाने तेव्हा, होळीच्या आधीच्या शनिवारी, येऊन ह्याला मारलं," मावशी म्हणाली, "आणि हा म्हणाला, काका, दर वर्षी या. तो येतो. नऊ वर्षं झाली."

"आणि आई?"

"ती दोन वर्षांत गेली. तिनेच सांगितला होता ना काप कुठे घ्यायचा."

मी राजीनामा फाडला. आता वाटतं, फाडायला नको होता. कोणी कोणाची थप्पड खाल्ली म्हणून त्याने मला चिमटा मारायचा, हा कुठला न्याय? पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, डोळे भरून आले आणि मी राहिले.

पुढे डॉक्टर सबनीस आमच्याकडे मदतनीस म्हणून लागले. शिकून ताजे आलेले, गोरेपान, बोलायला मऊ. आम्हा सिस्टरांना "मॅडम" म्हणायचे, म्हणजे विचार करा. एका बँकेतल्या तरुणाच्या मनगटावर गाठ होती. सर हात धूत होते. सबनीसांनी भूल दिलेल्या हातावर ब्लेड टेकवलं आणि सहज म्हणाले, "घडीतच घेऊ या, वण लपेल."

सर ओल्या हातांनी तसेच आले. मला वाटलं बोलतील. सबनीसांच्या कानशिलात अशी बसली की मास्क गळ्यात आला आणि ओठातून रक्त. दुसरी बसली. तिसरी मी मध्ये पडले म्हणून माझ्या खांद्यावर बसली. पेशंटचा फक्त हात बधिर केलेला, तो पूर्ण शुद्धीत! "अहो काय चाललंय? माझा हात जागेवर आहे ना?" म्हणून तो टेबलावरून उतरायला लागला. त्याला दोघांनी दाबून धरलं. सरांनी पुन्हा हात धुतले, पेन मागितलं, उभी रेघ ओढली आणि वीस मिनिटांत सगळं आटपलं. गाठ साधी निघाली.

सबनीसांनी डॉक्टरांच्या संघटनेकडे तक्रार केली. मोठमोठे लोक समजूत घालायला आले, नुसतं सॉरी म्हणा. सर म्हणाले, "त्याला विचारा, काप कसा घ्यायचा. उभा म्हणाला तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवतो." सबनीस सोडून गेले आणि डोंबिवलीत स्वतःचा दवाखाना काढला. छान चालला. का नाही चालणार, माणूस गोड होता.

ह्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. माझ्या चिमट्याच्या त्या वर्षानंतर होळी जवळ आली की सर हाताच्या गाठीला हात लावत नसत. पोट, हर्निया, गळू, काहीही करतील, हात नाही. शनिवारी शेलारकाका येऊन गेले की सोमवारपासून पुन्हा सुरू. त्या एका थपडेवर त्या माणसाचं वर्षाचं धैर्य भरून यायचं. हे मी कोणाला सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी काका आलेच नाहीत.

होळी झाली, रंगपंचमी झाली. सर रोज दहा वाजता दाराकडे बघायचे. आणि नेमकी त्याच वेळी हिराबाई आलेली. कळव्याच्या खाडीकाठची कोळीण. उजव्या हाताला, कोपर आणि मनगटाच्या मध्ये लिंबाएवढी गाठ. चार महिन्यांत वाढलेली, दाबली तर घट्ट, हलत नव्हती. मी इतक्या वर्षांत एवढं शिकले होते की ही गाठ थांबणारी नाही. तुकडा काढून आजच पाठवायला हवा होता. सरांनी तपासलं, पेन काढलं, रेघ ओढली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. हिराबाई नवऱ्यामागे दोन पोरं त्याच हातावर वाढवत होती. मासळी कापायची, टोपली उचलायची, गिऱ्हाइकांशी भावावरून भांडायची, सगळं उजव्याच हाताने. दर वेळी ती गाठ मला जरा मोठी दिसायची.

मी सरांना म्हटलं, "तुम्हाला जमत नसेल तर तिला सबनीसांकडे पाठवू या."

"तो आडवा कापेल!" म्हणून त्यांनी हत्यारांचा ट्रे उचलून जमिनीवर आपटला. एक कात्री उडून काशीमावशीच्या पायात रुतली. म्हातारी मटकन खाली बसली. सरांनीच ती काढली, पट्टी बांधली.

चौथ्या वेळी हिराबाई बाजारातून थेट आली. टोपलीतून कोयता काढला आणि सरांच्या टेबलावर आदळला. काचेला तडा गेला.

"डाक्तर, तुला कापाला जमत नसंल तर तसा सांग. ह्यो माझा कोयता हाय. मीच कापतंय."

सर टेबलावरच्या कोयत्याकडे बघत बसले. मी तिला बाहेर आणलं आणि म्हटलं, "परवा ये. परवा होईल. नाही झालं तर कोयता मी धरते." कुठल्या तोंडाने बोलले, माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी खडवलीला गेले. फाटकाजवळच घर होतं. शेलारकाका ओटीवर खाटेवर पडलेले. अर्धांगवायू. तोंड वाकडं, उजवा हात लाकडासारखा कुशीत. एका हाताने भाकरी थापणारी बाई उठून बाहेर आली. तिशी ओलांडलेली, ताठ मानेची, डाव्या बाहीला खाली गाठ मारलेली. वत्सला. गावात बालवाडी चालवायची. हातातल्या निळ्या काचेच्या बांगड्यांना पीठ लागलेलं होतं.

"काकांना उद्या एकदा कल्याणला न्यायचंय. टिपणीस सरांकडे," मी म्हटलं.

"तिथे कशाला? बाबा दर वर्षी जायचे त्यांच्याकडे, रक्तदाब तपासायला म्हणून. मी म्हणायचे, जगात दुसरा डॉक्टर नाही का तुम्हाला?"

खाटेवरून काकांनी डावा हात हलवला. न्या, न्या.

दुसऱ्या दिवशी जीप करून आणलं. तो जिना! दोघांनी खुर्चीतून वर चढवलं. बाकावर हिराबाई आधीच बसलेली, मांडीवर टोपली. मी काकांना आत नेलं, वत्सला मागोमाग आली. तिला बाहेर थांबा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि आता वाटतं, बरं झालं नाही सुचलं.

सर उभे राहिले. चष्मा काढला, खिशात ठेवला. काकांनी हात उचलायचा प्रयत्न केला. हात मांडीवरून वीतभर वर आला आणि पडला. पुन्हा प्रयत्न केला. तोंडातून लाळ आली, डोळ्यांतून पाणी. सर पुढे झाले, गुडघ्यावर बसले, म्हणाले, "थांबा, काका." आणि त्यांनी तो निर्जीव हात मनगटाला धरून उचलला आणि स्वतःच्या गालावर मारला. आवाजच आला नाही. पुन्हा मारला. पुन्हा. वेड्यासारखे मारत सुटले, काकांच्या हाताने स्वतःला.

"सोडा! सोडा त्यांचा हात!" वत्सला ओरडली. तिने सरांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं. "काय चाललंय हे? सिस्टर, काय आहे हे?"

मी सांगितलं. सगळं. सर जमिनीवर बसलेले, काका मान खाली घालून रडताहेत, आणि मी भडाभडा सांगतेय.

ऐकून ती इतक्या हळू बोलली की बाहेरचा पंखा ऐकू येत होता.

"हात माझा गेला, आणि मारामारी तुमची दोघांची? इतकी वर्षं? आईने काप सांगितला, तुम्ही घेतलात, बाबांनी थप्पड मारली. मला कोणी काही विचारलं? एकदा तरी?"

तिची नजर माझ्याकडे वळली.

"तुमच्या भुवईला काय झालं?"

"सरांनी चिमटा मारला होता. तुकड्यावरून."

"माझ्या हातापायी?"

मी मान हलवली. दाराशी लंगडत काशीमावशी येऊन उभी होती, वत्सलाने तिच्या पायाची पट्टीही पाहिली. तिला काही विचारावं लागलं नाही.

"म्हणजे तुम्ही इथे मार खायचा, आणि वर्षभर तो लोकांना वाटायचा. माझ्या नावाने," ती सरांना म्हणाली. "मला नको. ऐकलंत? माझ्या हाताच्या नावाने आता कोणाच्या अंगावर हात पडता कामा नये. बाहेर ती बाई कोयता घेऊन बसलीय. तिचा हात अजून आहे. तो बघा आधी. उठा."

आणि सर उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत कोणाच्या सांगण्यावरून उठताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी हिराबाईला आत बोलावलं आणि समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. तुकडा का काढायचा, गाठ वाईट निघाली तर पुढे काय, काप उभाच का. पेशंटला असं समजावताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. त्यांना आवाज खाली ठेवून बोलायचा सराव नव्हता, मध्येच घसा बसत होता.

"मोठा वण राहील. बांगड्यांत लपणार नाही," ते म्हणाले.

"लपवायचा कशाला?" हिराबाई म्हणाली. "चोरी केलीय का काय मी?"

त्याच दुपारी तुकडा निघाला. जांभळी रेघ, तिच्यावर ब्लेड, दोन बोटं लांबीचा उभा काप. मी फॉर्मलिनची बाटली उघडी धरून उभी होते, तुकडा थेट आत. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. वाईट. पण मुंबईच्या डॉक्टरांनी काप बघितला आणि म्हणाले, कोणी घेतलाय हा? हात ठेवता येईल. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी काढली. दोन बोटं पुरती मिटत नाहीत तिची. कोयता धरता येतो. पुढे ती आमच्याकडे पापलेटं घेऊन आली आणि सरांशी भावावरून भांडली, हातवारे करकरून. त्यांना फुकट द्यायला निघालेली ती आणि घ्यायला तयार नसलेले ते!

सर बदलले का? छे, स्वभावाला औषध नाही. हत्यारं फेकत राहिले, पण भिंतीवर, माणसांवर नाही. मला सॉरी कधी म्हणाले नाहीत. एकदा चहा पिताना माझ्या कपाळाकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "उभी आहे." त्याला माफी म्हणायचं असेल तर म्हणा.

शेलारकाका त्या पावसाळ्यात गेले. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याची बदली झाली, मी नोकरी सोडली. माझ्या शेवटच्या आठवड्यातच होळीच्या आधीचा शनिवार पडला. सर सकाळपासून केबिनमध्ये बसून होते. कोणाची वाट बघत होते, त्यांचं त्यांनाच माहीत. दहा वाजता रांगेत वत्सला. नंबर घेतला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"जुनंच," ती म्हणाली.

ती आत गेली. मी दाराच्या फटीशी. सर उभे राहिले, चष्मा काढला, खिशात ठेवला, हात मागे बांधले आणि डोळे मिटले.

वत्सलाने खांद्याच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर सोडली. निळ्या काचेच्या सहा बांगड्या.

"कासारीण एका हातात भरत नाही. अपशकुन म्हणते," ती म्हणाली. "माझ्या मला भरता येत नाहीत. इतकी वर्षं बाबा भरायचे. ज्या हाताने तुम्हाला मारायचे, त्याच हाताने." तिने आपला एकुलता एक हात त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "आता तुम्ही भरा."

सरांनी डोळे उघडले. मग खुर्चीत बसले. तिची बोटं एकत्र आवळून धरली, अंगठा आत घेतला, बांगडी सरकवायला लागले. कल्याणातला सगळ्यात हलका हात, पण पहिलीच बांगडी कचकन गेली. एक काच तिच्या मनगटाला लागली, रक्ताचा थेंब आला. सर जागच्या जागी थिजले.

"फुटली," ते म्हणाले.

"वाढवली म्हणायचं," वत्सला म्हणाली. "घ्या, दुसरी घ्या. आणि आधी चष्मा लावा."